एक समंदर सोडून

फाट्यावर उतरताना एसटीचा दांडा धरवला नाही.
जून अर्धा सरलेला.
पानटपरीवाल्याला विचारलं, खजुराचं शेत?
म्हणाला, जल्लूभाईचं? कॅनॉल धरून जा,
जिथं आपला मुलूख वाटणार नाही तिथं थांब.

बरोबर सांगितलं त्यानं.
सोनपेठच्या काळ्या रानात,
सरकीची वाट बघत पडलेल्या ढेकळांत
अचानक बरका उभं.
त्र्याऐंशी झाडं, पंचवीस फुटांवर एकेक.
मी थांबलो. सवयीनं कान लाटेसाठी टवकारले.
आला तो बोअरच्या मोटारीचा आवाज.

बरका म्हणजे आमची सहा वर्षं.
एका खोलीत अकरा जण,
शेडात दिवसभर खजूर निवडणं,
एका अंगाला डोंगर, एका अंगाला समुद्र,
मधल्या सपाटीवर चिकट ऊन,
आंघोळीनंही न निघणारं.
शुक्रवारी पाण्यात पाय सोडून बसायचो
तेव्हा तो म्हणायचा, ग्यानोबा,
अपने उधर सब हाय रे.
ऊन हाय, चोपण जमीन हाय, रिकामी माणसं हाय,
एक समंदर छोड के.

आता त्यानं पाणी पाजून आधी दाखवलं
ते बांधाच्या कोपऱ्यातलं झाड.
बाकीची रोपं गुजरातच्या लॅबमधली, बिलासकट.
हे एकच खिशातून आणलेल्या बीचं.
सात वर्षं पाणी घातलं,
सातव्या वर्षी कळलं, नर आहे.
गाव हसलं. तोड म्हणालं, चुलीला लाव.
दर फेब्रुवारीत त्याच्या फुलाची भुकटी
शमशादभाभीच्या जुन्या पावडरच्या डब्यात भरून
तो शिडी घेऊन निघतो,
एकेका मादीच्या कानात काहीतरी सांगून
खाली उतरतो.
"त्र्याऐंशी घरं, बाप एकच," तो म्हणाला,
आणि भाभी आतून,
"शरम करो जी, मेहमान बैठे हैं."

बोलता बोलता दोनदा उठला,
दक्षिणेकडं बघून आला.
घडांना खताच्या पिशव्या बांधलेल्या.
पिशव्या संपल्या तिथं दुपट्टे,
एका घडाला तर आमचा बरक्याचा निळा युनिफॉर्म,
खिशावर कंपनीचं अर्धं नाव.
पाणी लागलं की फळ फुटतं, आंबतं.
पंधरा दिवस कोरडे पायजेत, फक्त पंधरा.
हे वाक्य तो गावात कुठंच बोलत नाही.

कसं बोलेल?
हॉटेलात कपाआधी प्रत्येकाची मान वर जाते.
पोरं लिंबाचा पाला नेसून धोंडी मागत फिरली.
ईदगाहवर दुवा झाली, हाही रांगेत होता.
मग ठरलं, महादेवाचा गाभारा भरायचा
पिंड बुडेपर्यंत,
म्हणजे देव गुदमरून ढग सोडील.
पण आड आटलेले, हापसा नुसता खोकतोय.
चार माणसं आली ह्याच्या बांधावर
मान खाली घालून,
कारण मागायचं तेही पाणी
आणि ज्याच्यासाठी मागायचं तेही पाणी.

"मग?"
"मग काय. पाइप जोडला. साडेतीनशे फूट.
दोन तास मोटार चालली. पिंड बुडाली.
नारळ फोडला, मलाबी दिला तुकडा."
"आन् तू काय मागितलंस?"
तो हसला नाही.
"मी पाइप गुंडाळत होतो रे."

निघताना एक घड कापून दिला.
पिवळा, करकरीत, आधी गोड
आणि गिळल्यावर जिभेला तुरट धरून ठेवणारा.
परतीच्या गाडीत वारं जरा थंड लागलं.
खिडकीजवळचा म्हातारा म्हणाला, आलं वाटतं.
अख्खी एसटी डावीकडं वाकली,
कंडक्टरसुद्धा.
मी मांडीवरचा घड टॉवेलनं झाकला
आणि उजवीकडं बघत राहिलो.